रोज वाजे त्याला कोण ऐके

आमचं घर पोलादपूरला आणि बाबांचं दुकान महाडच्या बाजारपेठेत. मध्ये अठरा-वीस किलोमीटर. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते, आधी पोलादपूरला येते आणि मग महाडला जाते. त्यामुळे आमच्या घरात वर्षानुवर्षांची एक वाटणी आहे. पावसाळ्यात आईने नदीवर लक्ष ठेवायचं आणि बाबांना कळवायचं. वर पाणी चढलं की खाली दुकान आवरायला थोडा वेळ मिळतो.

काही वर्षांपूर्वीच्या एका जुलैत आईने दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मेसेज टाकला : "अहो, नदी खूप चढलीय. खालचा माल वर घ्या." बाबांचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. पण तोच मेसेज दुकानातल्या कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यातही आला. बाबा कॉम्प्युटरसमोरच होते, एका मुलाचा परीक्षेचा फॉर्म भरून देत होते. कोपऱ्यातली चौकट त्यांनी न वाचता बंद केली आणि फॉर्म भरत राहिले.

पावणेचारला गावातला भोंगा वाजला. भोंगा ऐकल्यावर मात्र बाबा खुर्चीत बसून राहिले नाहीत. शटर अर्धं ओढलं, दोन पोरं हाताशी घेतली आणि जमेल तेवढा माल पोटमाळ्यावर टाकला. पाणी त्या दिवशी गुडघ्याएवढंच आलं. खालच्या रॅकवरचे कागदाचे रिम भिजले, झेरॉक्स मशीनचा खालचा ट्रे गेला. महाडच्या मानाने हे नुकसान सांगण्यासारखंही नाही. २०२१ च्या जुलैत आमच्या दुकानात पाणी छताला टेकलं होतं.

मी पुण्याहून घरी आलो तेव्हा थोडा चिडूनच विचारलं, "बाबा, डोळ्यांसमोर आलेला मेसेज तुम्ही बंद कसा केलात?"

बाबा म्हणाले, "अरे, तिथे दिवसभर काहीतरी येतच असतं."

त्या रात्री मी तासभर त्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि नुसता कोपरा बघत राहिलो. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले.' 'शाई कमी आहे, आमचीच शाई घ्या.' 'आज सोनं स्वस्त.' 'तुम्ही बक्षीस जिंकलात.' 'अँटीव्हायरसची मुदत संपतेय.' एका हिरॉईनचं लग्न. पुन्हा पाच व्हायरस. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन मोजलं, तर सत्तेचाळीस वेबसाइटींना त्या कोपऱ्यात येण्याची परवानगी होती. एकही परवानगी बाबांनी विचार करून दिलेली नव्हती. फॉर्म भरायला, निकाल बघायला, हॉल तिकीट काढायला दिवसभर पोरं येतात. घाईत एखादी चौकट उघडते, 'अलाउ' दाबल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं वाटतं आणि कुणीतरी ते दाबतं. काही साइट तर 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा' असं चक्क खोटं सांगतात. एकदा परवानगी मिळाली की ती साइट उघडी असण्याचीही गरज राहत नाही. ब्राउझर मागे चालू असला की निरोप येत राहतात.

मला तेव्हा कळलं की बाबांनी काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. ज्या कोपऱ्यात शंभरातली नव्व्याण्णव वेळा थापा येतात, तिकडे दुर्लक्ष करणं हाच शहाणपणा. 'रोज मरे त्याला कोण रडे' अशी आपल्याकडे म्हणच आहे. रोज वाजणाऱ्याचंही तेच होतं.

आणि तो कोपरा भरण्याचा पगार मी घेतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आधीच्या नोकरीत माझ्याकडे नोटिफिकेशनचंच काम होतं. 'तुमच्या कार्टमध्ये वस्तू वाट बघतेय' असं तुम्हाला रात्री नऊ वाजता सांगणारा कोड माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेला असतो. तो 'कुणीतरी' काही महिने मी होतो. तिथे एक आकडा सर्वांसमोर भिंतीवर असायचा : पाठवलेल्यांपैकी किती जणांनी दाबलं. किती जणांनी वैतागून बंद केलं, हा आकडा मागितल्याशिवाय दिसत नसे आणि कुणी मागत नसे. नवीन प्रकारचं नोटिफिकेशन तयार झालं की मीटिंगमध्ये प्रश्न यायचा, "डिफॉल्ट काय ठेवायचं?" उत्तर ठरलेलं होतं : ऑन. हा निर्णय घ्यायला तीस सेकंद लागत. मीही हात वर केलाय.

म्हणून या विषयावर जे उपदेशपर लेख येतात ते वाचले की माझं डोकं फिरतं. 'स्वतःला शिस्त लावा', 'डिजिटल उपवास करा', 'सकाळी पहिला तास स्क्रीन बघू नका'. म्हणजे गटार रस्त्यावर सोडणारे आम्ही आणि चालताना चप्पल जपा असा सल्ला तुम्हाला!

आमच्या धंद्यातलं यावरचं ठरलेलं उत्तर असं : "सेटिंग आहे की! ज्याला नको त्याने बंद करावं." चला, सेटिंग बघू.

विंडोज ११ घ्या, कारण दुकानांत आणि ऑफिसांत बहुतेक तेच दिसतं. विंडोजचं बटण आणि 'ए' दाबलं की क्विक सेटिंग्ज उघडतात. वायफाय, ब्लूटूथ, एअरप्लेन मोड, एनर्जी सेव्हर, प्रकाश, आवाज. प्रकाश कमी-जास्त करायला एक पट्टी सरकवायची. आवाजाला दुसरी पट्टी. सुंदर सोय आहे. आता विंडोजचं बटण आणि 'एन' दाबा. आलेल्या नोटिफिकेशनांची यादी उघडते आणि वर एक घंटा दिसते. तिच्यावर क्लिक केलं की 'डू नॉट डिस्टर्ब' चालू होतं, घंटेला झोप लागते. ही सोयही एका क्लिकची. पण ती सरसकट सगळ्यांना गप्प करते. व्हायरसच्या थापा बंद आणि आईचा मेसेजही बंद.

'आई चालेल, शाईवाला नको' एवढं साधं वाक्य कॉम्प्युटरला सांगायचं असेल तर? सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, नोटिफिकेशन्समध्ये जा, तिथे प्राधान्याची वेगळी यादी शोधा, त्यात ॲप घाला. खाली एकेका ॲपची यादी आहे, प्रत्येकाचं वेगळं बटण. वेबसाइटींची यादी तिथे नाहीच, ती ब्राउझरच्या सेटिंगमध्ये. आणि त्याच नोटिफिकेशनच्या पानाच्या अगदी तळाशी, 'अधिक सेटिंग्ज' या घडीत, आणखी काही चौकटी दडलेल्या आहेत : अपडेटनंतर स्वागताचा पडदा दाखवू का, विंडोजचा पुरेपूर उपयोग कसा करावा ते सुचवू का, टिप्स देऊ का. म्हणजे ज्या ऑपरेटिंग सिस्टिमने दारावर राखण करायची, तीही अधूनमधून स्वतःची पत्रकं आत सरकवते.

सगळ्यांना एकदम गप्प करायला एक क्लिक आणि निवडून गप्प करायला अर्धा तास. अशी रचना असल्यावर माणूस काय करणार? एक तर सगळं सहन करतो, नाहीतर सगळं बंद करतो. दोन्हींत आईचा मेसेज बुडतो.

'लोकांना हवी असतात म्हणून पाठवतो' हाही आमच्याकडचा लाडका दावा. २०१९ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने स्वतःच्या ब्राउझरमधली आकडेवारी जाहीर केली होती. 'नोटिफिकेशन पाठवू का?' असं वेबसाइटी विचारतात, त्यातल्या सुमारे ९९ टक्के विनंत्या स्वीकारल्याच जात नव्हत्या. ४८ टक्के तर लोक स्पष्टपणे नाकारत होते. शंभर दारं वाजवून एक उघडत असेल, तर त्याला मागणी म्हणत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये फायरफॉक्सने नियम बदलला : माणसाने पानावर स्वतःहून काही केल्याशिवाय साइटला हा प्रश्न विचारताच येणार नाही. पाठोपाठ क्रोमनेही हे प्रश्न शांतपणे, बाजूला दाखवण्याची सोय आणली. अँड्रॉइडने २०२२ मध्ये, तेराव्या आवृत्तीत, नवीन ॲपला नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी मागायला लावली. म्हणजे डिफॉल्ट उलटं करता येतं. ते केल्याने कुठलीही कंपनी बुडाली नाही. विंडोजवर इन्स्टॉल केलेलं प्रोग्रॅम मात्र आजही न विचारता बोलायला लागतं. ते थांबवण्याचं काम तुमचं.

आता जरा आमच्याच गावाकडे या. महाडला एमआयडीसी आहे, रसायनांचे कारखाने आहेत. इंजिनिअरिंगला माझ्याबरोबर असलेला एक मित्र तिथे एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये काम करतो. त्याच्यासमोरही स्क्रीन आहे आणि त्याच्याही स्क्रीनवर सूचना येतात. मी त्याला माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर दिवसात किती चौकटी उगवतात ते सांगितलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "आमच्याकडे असं असतं तर एव्हाना गाव रिकामं करावं लागलं असतं."

त्यांच्या क्षेत्रात अलार्मला शिस्त आहे. ब्रिटनमधल्या इमुआ या संस्थेची १९९९ पासूनची मार्गदर्शिका आहे. कारखाना सुरळीत चालू असताना एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त अलार्म येऊ नये, असा तिचा अंदाज. आणि अलार्म नेमायच्या आधी एक प्रश्न विचारायचा : हा वाजल्यावर माणसाने काय करायचं? उत्तर नसेल, तर तो अलार्म नव्हे. ती माहिती. ती नोंदवहीत जाऊ दे, कानात नको.

ही अक्कल फुकट आलेली नाही. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात बिघाड झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त अलार्म एकदम वाजले. बिनमहत्त्वाचे बाजूला सारून महत्त्वाचे तेवढे बघण्याची सोयच नव्हती, असं चौकशी आयोगाने नंतर लिहिलं. दवाखान्यांतही हेच. सतत वाजणाऱ्या मॉनिटरांना परिचारिकांचे कान सरावतात, म्हणून अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१४ पासून अलार्मचं व्यवस्थापन हे रुग्णसुरक्षेचं उद्दिष्ट म्हणून घातलं. यंत्रांनी घेरलेल्या प्रत्येक क्षेत्राला हा धडा कधीतरी शिकावा लागला. माझ्या क्षेत्राला तो शिकायचाच नाही, कारण आमच्याकडे जास्त वाजवण्याचे पैसे मिळतात.

यावर कुणी म्हणेल, दुकानातल्या कॉम्प्युटरचा कोपरा आणि अणुभट्टी यांची तुलना कशाला? इतकं गंभीर काय आहे त्यात?

मी ज्या दोन तालुक्यांतला आहे, तिथे गंभीर आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा जुना दगडी पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि माणसं गेली. पूल नाही हे अंधारात मागून येणाऱ्यांना कळणार कसं? तेव्हाच्या बातम्यांत होतं की जवळच्या गॅरेजमधल्या कामगाराने रस्त्यावर येऊन गाड्या थांबवल्या. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं दगावली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यातलं पाणी आमच्याकडेही उतरतं. महाड बुडालं, वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. मी पुण्यात होतो. दीड दिवस मला घरून एक अक्षर आलं नाही. त्या दीड दिवसात मात्र माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात बाकी सगळं येत होतं. दर वेळी तो 'टिंग' आवाज झाला की आईचा मेसेज असेल म्हणून मी बघायचो, आणि कुठली तरी सूट, कुठला तरी सेल असायचा. त्यातली काही नोटिफिकेशनं माझ्यासारख्याच कुणा पोराने लिहिलेली असणार, 'वाक्य आकर्षक करा' असा शेरा मिळाल्यावर.

२०२३ मध्ये सरकारने सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा ठिकठिकाणचे फोन मोठ्याने वाजले होते, आठवतं? टॉवरच्या टप्प्यातल्या प्रत्येक फोनवर, नंबर माहीत नसतानाही इशारा पोचवणारी ती यंत्रणा. आमच्यासारख्या भागाला ती हवीच आहे. पण त्या दिवशी कितीतरी लोकांची पहिली प्रतिक्रिया होती : "हे बंद कुठून करायचं?" लोकांना दोष देता येणार नाही. आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलंय की अचानक वाजणारी गोष्ट म्हणजे कुणाला तरी काहीतरी विकायचंय. लांडगा आला रे आला हे आम्ही रोज दहा वेळा ओरडतो आणि खरा लांडगा येईल तेव्हाचा इशाराही त्याच स्क्रीनवर येणार आहे.

गावच्या भोंग्याची गोष्ट याउलट. भोंग्यावरून कुणी साड्यांच्या सेलची जाहिरात करत नाही. कुणी बँक त्यावरून कर्ज देऊ करत नाही. भोंगा वाजवायचा अधिकार मोजक्या माणसांकडे आहे आणि उगाच वाजवला तर दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत त्यांना लोक विचारतील. म्हणून तो ऐकू आला की अख्खी बाजारपेठ उठते. पूर्वी दवंडीचंही असंच होतं. थाळी वाजली की लोक दारात येत, कारण ती रोज वाजत नसे. ॲपलने सर्वात मोठ्या आवाजाच्या, सायलेंटवरही वाजणाऱ्या 'क्रिटिकल' सूचनांसाठी खास परवानगी घ्यायची अट ठेवलीय. लिनक्सच्या डेस्कटॉपवर सूचनेचे तीन दर्जे आहेत : कमी, साधारण, तातडीची. पण तिथे तातडीचा शिक्का मारताना 'तुला हा अधिकार कुणी दिला' असं विचारणारं कुणी नाही. तेच विचारणारं कुणीतरी हवं.

माझं म्हणणं म्हणून एवढंच आहे. कॉम्प्युटर आणि फोन मुळात गप्प असायला हवेत. बोलण्याची परवानगी एकेकाला, मालकाने, कारण विचारून द्यायला हवी. आणि हे काम माणसाच्या शिस्तीवर न सोडता बनवणाऱ्यावर बंधनकारक असायला हवं. 'मग फुकटची ॲप जगणार कशी?' असं मला माझेच सहकारी विचारतात. ज्याचं पोट दुसऱ्याचं लक्ष चोरल्याशिवाय भरत नाही, त्याने दुसरा धंदा शोधावा. बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानदाराने दर दहा मिनिटांनी शेजारच्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावर थाप मारली असती, तर त्याला आम्ही कधीच समज दिली असती.

तोपर्यंत, आणि हा उपदेश नाही, घरच्यांसाठी करायचं काम आहे : या रविवारी आईबाबांच्या, काकांच्या, दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर अर्धा तास बसा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा आणि सगळ्या साइटी काढा. तिथेच 'साइटींना विचारूही देऊ नका' हा पर्याय आहे, तो निवडा. मग विंडोजच्या नोटिफिकेशनच्या पानावर एकेक ॲप बघा आणि कंट्रोल रूमवाला प्रश्न विचारा : हा वाजल्यावर बाबांनी काय करायचं? उत्तर नसेल तर बंद. तळाच्या त्या चौकटीही काढून टाका. तुम्हाला हे येतं, त्यांना येत नाही, आणि ज्यांनी हे बनवलंय त्यांना त्यांचा हाच अडाणीपणा हवाय.

आणि तुम्ही माझ्यासारखेच कोड लिहिणारे असाल, तर पुढच्या मीटिंगमध्ये 'डिफॉल्ट काय ठेवायचं' हा प्रश्न आला की 'ऑफ' म्हणा. एकटे पडाल. मी पडलो होतो. त्या वेळी ऐकलं गेलं नाही, पण भिंतीवर दुसरा आकडाही लावा, किती जण वैतागून बंद करतात तो, एवढं मात्र मान्य झालं. महिनाभर तो आकडा बघितल्यावर दोन प्रकारची नोटिफिकेशनं त्यांनी आपणहून काढली.

बाबांच्या कॉम्प्युटरवर आता तीनच गोष्टींना बोलायची परवानगी आहे. घरचे मेसेज, प्रिंटर अडकल्याची सूचना आणि बॅटरी बॅकअप. पहिले काही दिवस बाबा म्हणत होते, "कॉम्प्युटर बिघडला की काय? काही येतच नाही." गेल्या पावसाळ्यात आईने एकदा दुपारी टाकलं, "पाणी वाढतंय, पण अजून काळजी नाही." दोन मिनिटांत बाबांचं उत्तर गेलं, "वाचलं. खालचा रॅक रिकामा करतो."